टिंग केलं, पण नाना आले नाहीत

मित्रांनो, तुमच्या डोक्यावर कधी कोणी टपल्या मारल्या असतील, तर माझं आयुष्य तुम्हाला चटकन समजेल. मी एक जुनी पितळी घंटी आहे. शाळेतली नाही, सायकलचीही नाही. एका इटालियन रेस्टॉरंटमध्ये स्वयंपाकघर आणि हॉल यांच्यामधल्या भिंतीत एक रुंद खिडकी आहे. त्या खिडकीच्या दगडी कट्ट्यावर मी बावीस वर्षं बसले. पदार्थ तयार झाला की बशी कट्ट्यावर यायची, माझ्या डोक्यावरचं बटण दाबलं जायचं, मी 'टिंग' म्हणायचे आणि वाढणारा येऊन बशी घेऊन जायचा. ऐकायला काम सोपं वाटतं. सुट्टीच्या दिवशी दुपारी करून बघावं, मग कळतं.

माझा जन्म एका छोट्या कारखान्यात झाला. तिथल्या कारागिराने मला कानाशी धरून वाजवलं, आतून थोडी कानस फिरवली, पुन्हा वाजवलं. तिसऱ्या वेळी तो म्हणाला, "आता नीट बोलतेय." मग मी खोक्यात बसून या रेस्टॉरंटमध्ये आले.

हे रेस्टॉरंट नवरा-बायको मिळून चालवतात. नवरा दाराशी उभा राहून लोकांचं स्वागत करतो, त्याला सगळे मालक म्हणतात. बायको आत चुलीशी असते, तिला सगळे वहिनी म्हणतात. आणि वाढायला नाना. नाना माझ्याबरोबर पहिल्या दिवसापासून होते. त्यांची एक ऐट होती. हॉलच्या अगदी टोकाला असले तरी माझ्या पहिल्याच हाकेला ते खिडकीशी हजर. दुसऱ्यांदा बटण दाबायची वेळ त्यांनी कधी येऊ दिली नाही. "घंटी वाजायच्या आधीच नानांचे पाय निघतात," असं वहिनी कौतुकाने म्हणायच्या. ते चांगले दिवस होते. दर सोमवारी रेस्टॉरंट बंद असायचं, तेव्हा वहिनी मला लिंबू-मीठ लावून घासायच्या आणि मी नव्यासारखी चमकायचे.

मागच्या थंडीपासून मात्र काहीतरी बिनसलं. नाना पहिल्या हाकेला येईनासे झाले. मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. वहिनी आधी नुसतं बटण दाबायच्या, आता तळहाताने बडवू लागल्या. माझं बटण एका बाजूला कललं, आवाज चिरका झाला. सोमवारचं घासणंही मागे पडलं, कारण वहिनी स्वतःच थकून जायच्या.

खरी गोष्ट सगळ्यांच्या आधी माझ्या लक्षात आली. नाना आता कानाने काम करत नव्हते, डोळ्यांनी करत होते. ते खिडकीकडे सारखे वळून बघायचे. गिऱ्हाईक बोलत असलं की त्याच्या ओठांवर नजर ठेवायचे. टेबलावरचे लोक हसले की आपणही हसायचे, थोडं उशिरा. दिवस संपता संपता त्यांचा चेहरा पिळून काढलेल्या फडक्यासारखा व्हायचा. मला सगळं कळत होतं, पण मित्रांनो, माझ्याकडे शब्द एकच. तो मी बोलत होते आणि नेमका तोच त्यांना ऐकू येत नव्हता.

मग त्या जोडून आलेल्या सुट्ट्या उजाडल्या. सलग तीन दिवस. दुसऱ्या दिवशी दुपारी दाराबाहेर इतकी रांग लागली, की मालकांनी आपली स्वतःची खुर्चीही एका आजोबांना बसायला दिली. आत मुंगी शिरायला जागा नव्हती. भट्टीत पिझ्झा, चुलीवर पास्त्याची तीन मोठी पातेली, सॉसचे डाग वहिनींच्या कोपरापर्यंत. त्या सकाळपासून एकदाही बसल्या नव्हत्या. मी किती वेळा वाजले ते मलाच आठवत नाही.

खिडकीजवळच्या टेबलावर एक आई, बाबा आणि सहा-सात वर्षांची मुलगी बसली होती. नाना वही घेऊन, आपली डावी बाजू त्यांच्याकडे करून उभे राहिले. आई म्हणाली, "हिच्यासाठी हिरवा पास्ता. पण त्यात अक्रोड अजिबात नको. एक तुकडा पोटात गेला तरी तिचा घसा सुजतो." त्याच क्षणी मागच्या मोठ्या टेबलावर कोणाच्या तरी वाढदिवसाच्या टाळ्या सुरू झाल्या. नानांनी मान हलवली, हसले आणि वहीत लिहिलं: हिरवा पास्ता, एक. माझं पितळ गार पडलं.

थोड्या वेळाने वहिनींनी पास्ता बशीत काढला, वरून नेहमीप्रमाणे भाजलेल्या अक्रोडाची भरड भुरभुरवली आणि मला वाजवलं. नाना पाठमोरे उभे राहून पाणी ओतत होते. पुन्हा टिंग. पुन्हा टिंग. आयुष्यात पहिल्यांदाच मला वाटलं, ते आले नाहीत तर बरं.

"बहिरे झालेत की काय हे," वहिनी पुटपुटल्या आणि पातेल्याकडे वळल्या.

मुलगी भुकेने कुरकुरत होती. शेवटी तिची आईच उठून खिडकीशी आली. "आमचाच ना हा? द्या, मीच नेते." तिने बशी उचलली आणि तिथेच थबकली. "यावर हे काय घातलंय?"

"अक्रोड," वहिनी म्हणाल्या. "आमच्याकडे असाच करतात."

आईने बशी खाली ठेवली. "मी सांगितलं होतं त्यांना. अगदी नीट सांगितलं होतं."

मालक धावत आले. सगळे खिडकीशी गोळा झालेले पाहून नानाही आले. "नाना, या बाईंनी अक्रोड नको म्हणून सांगितलं होतं?" मालकांनी विचारलं.

नानांनी त्यांच्या ओठांकडे पाहिलं, मग बशीकडे, मग आईकडे. गर्दीत दुसऱ्या कोणी काही ऐकलं नव्हतं. 'नाही सांगितलं' एवढं म्हटलं असतं तर वेळ निभावून गेली असती.

"सांगितलं असेल," नाना म्हणाले. "मला ऐकू आलं नाही. डावा कान मागच्या थंडीत गेला. उजव्यानं अर्धंमुर्धं कळतं. चूक माझी आहे, बाई. मी लपवलं." आणि त्यांनी वही माझ्याशेजारी ठेवून दिली.

मालकांचा चेहरा पांढराफटक पडला होता. ते वाईट माणूस नव्हेत, पण घाबरलेला माणूस कठोर बोलतो. "घरी जा, नाना. आत्ताच."

वहिनींनी नवं पातेलं घेतलं, चमचे पुन्हा धुतले आणि टोमॅटोचा साधा पास्ता करून स्वतः टेबलापर्यंत नेला. "हा माझ्या हाताखालून गेलाय, बाळा. पोटभर खा," असं म्हणून त्या आईची माफी मागून परतल्या. तोवर नाना मागच्या दाराशी कोट चढवत होते.

वहिनी त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. "कुठे निघालात?"

"मालक म्हणाले ना."

"ते बाहेरचं बघतात. आत मी बघते. हात धुवा आणि टोमॅटो चिरायला घ्या." मग त्या हळू आवाजात, पण ओठ दिसतील अशा बोलल्या, "मला का नाही सांगितलंत?"

"बावीस वर्षं पहिल्या घंटीला आलो, वहिनी. आता कुठल्या तोंडानं सांगणार?"

वहिनींनी आपला लाल झालेला तळहात पाहिला. "आणि मी वर्षभर त्या घंटीला बडवत बसले," त्या म्हणाल्या. "एकदा तुमच्याजवळ येऊन विचारलं नाही."

उरलेले दीड दिवस नानांनी मान खाली घालून टोमॅटो चिरले. सुट्ट्या संपल्यावर मालक स्वतःच त्यांना कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. वाटेत काय बोलणं झालं मला माहीत नाही, पण परतल्यावर मालकांनीच नानांचा कोट खुंटीला टांगला. आता गिऱ्हाइकांना काय हवं ते मालक लिहून घेतात आणि वहिनींना मोठ्याने वाचून दाखवतात. नाना फक्त बशा पोहोचवतात.

कानातलं यंत्र आलं त्या दिवशी वहिनींनी मुद्दाम मला अगदी हलकेच दाबलं. नाना कसंनुसं तोंड करून कानाला हात लावत म्हणाले, "वहिनी, ही इतकी कर्कश होती?"

सगळे हसले. मला हसू आलं नाही. पण त्यात त्यांचं काय चुकलं? मार खाऊन खाऊन माझा आवाज खरंच बिघडला होता. पुढच्याच आठवड्यात खिडकीवर एक छोटा पिवळा दिवा लागला. बशी आली की तो उजळतो आणि नाना येतात. मी वरच्या फळीवर आहे, एका तुटक्या चाळणीशेजारी. अंगावर पिठाचा थर बसला आहे. खरं सांगू, विश्रांती बरी वाटते. सुट्टीच्या दिवशी खालची धावपळ बघूनच मला दमायला होतं.

मित्रांनो, वस्तू नीट वापरा, हे तर तुम्हाला सगळेच सांगतात. मी एवढंच मागते. कोणाला हाक मारलीत आणि तो आला नाही, तर दुसरी हाक आणखी मोठ्याने मारू नका. चार पावलं चालत जा आणि त्याच्या समोर उभे राहा.