बर्फात पडलेला शिपाई

मी डोंगरी चेरीच्या लाकडाची, चित्रं छापायची फळी बोलतेय. चीनशी लढाई पेटली त्या हिवाळ्यात तोक्योभर खपलेल्या एका युद्धचित्राच्या सगळ्या रेषा माझ्या अंगावर आहेत.

चित्रकार रणांगणावर गेला नव्हता, चित्रं छापून विकणारा दुकानदारही नाही. वर्तमानपत्रात तार छापून आली की इथेच चित्र काढायचं आणि शेजारच्या दुकानाआधी विकायचं, असा तो धंदा. चित्राचा कागद माझ्यावर उलटा चिकटवला गेला. कपडे, तोफा, झाडं कुणीही कोरी, पण चेहरे आणि केस फक्त इसाबुरो कोरायचा. केसाएवढी रेघ उभी ठेवून तो दोन्हीकडचं लाकूड असं काढायचा की मला कळतही नसे. काय हात होता त्याचा!

घाईत चित्रकारानं चेहऱ्यांच्या जागी नुसत्या खुणा केल्या होत्या. बाकीचं इसाबुरोनं मनानं भरलं.

पहिला ठसा उमटला. इसाबुरोची बायको तोसे चहा घेऊन आली आणि चित्रात खाली बर्फात पडलेल्या शिपायाकडे बघतच राहिली.

"अहो, हा आपला मासाकिची आहे."

"उगाच काहीतरी. कुणीतरी शिपाई आहे तो."

"मला सांगू नका. मी जन्म दिलाय त्याला."

इसाबुरोनं निरखून पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. मुलगा आघाडीवर होता, बरेच दिवस त्याची खबर नव्हती, आणि बापाच्या हातानं नकळत त्यालाच मारून ठेवलं होतं.

"काढा त्याला तिथून. दुसऱ्या कुणाचाही चेहरा करा."

"कुणाचाही म्हणजे कुणाचा गं? तोही कुणाच्या तरी घरचाच असणार."

दुकानदाराचा माणूस फळी न्यायला दारात खोळंबला होता. तरी इसाबुरोनं ते डोकं खणून काढलं, आमच्यात चूक सुधारतात तसा नव्या लाकडाचा तुकडा घट्ट बसवला, आणि शिपायाचं तोंड बर्फात वळवलं. आता दिसत होता एक कान, मान आणि मानेवरचे बारीक केस. इतकं सुंदर काम त्याच्या हातून पुन्हा कधी झालं नाही.

उन्हाळ्याच्या तोंडाला मासाकिची लंगडत का होईना, घरी आला. तोसेनं कौतुकानं त्याला चित्र दाखवलं. त्यानं ते उजेडाकडे धरलं.

"बाबा, तुम्ही जुहेईला कधी पाहिलंत?"

"कोण जुहेई?"

"माझ्या शेजारी चालायचा. असाच पडला, तोंड बर्फात. मी कानावरून ओळखला."

तोसेनं हात पुसले. "त्याची आई आहे का रे?" तो हो म्हणाला, तसं तिनं चित्राचा एक स्वच्छ ठसा गुंडाळून घेतला आणि दुसऱ्या दिवशी ती जुहेईच्या गावी गेली.

आज मी संग्रहालयात आहे. लोक तलवार उगारलेल्या अधिकाऱ्याची वाहवा करतात. करा, तोही इसाबुरोचाच. पण जरा वाकून खालची ती मानही बघा. तिला मिळालेली खरी दाद तोसेनं त्या गावाहून आणली होती. जुहेईच्या आईनं कागदावरच्या मानेवरून बोट फिरवलं होतं आणि ती म्हणाली होती, "केस वाढलेत याचे. कापायला हवेत."