सातव्या गाण्यातली घंटा

"आई, रेकॉर्डिंगच्या डबीवरचा लाल दिवा लागला की देवाची घंटा नाही हां. मनातल्या मनात काय ते म्हण."

प्रीतमने हे मला श्रावणात सांगितलं. त्याच्या रॉक बँडचा, 'चेकनाका'चा, सात गाण्यांचा पहिला अल्बम चालू होता. बाकीच्यांनी आपापली वाद्यं अंधेरीच्या स्टुडिओत वाजवून ठेवली होती. त्याचं गायचं तेवढं राहिलं होतं. फुफ्फुसातल्या गाठीमुळे दहिसरहून तिथवर जाणं झेपेना, म्हणून माईकच आमच्या घरी आला. खिडक्यांना गोधड्या लावल्या. दिवसभर त्याला धाप लागायची. सांजेला, औषधानंतर, तासभर काय तो आवाज लागे. नेमका माझ्या दिव्याचा तास.

दोन वर्षांचा असताना तो तापाने फणफणला होता. तेव्हा देवीला नवस बोलले होते, रोज तिन्हीसांजेला दिवा आणि घंटा. चोवीस वर्षांत सुतकाखेरीज खंड पडला नव्हता. तरी म्हटलं, "बरं बाबा. देवीला कळतं."

"आणि मधेच माझं काही झालं, तर गाणी पुरी करून घ्यायचं तुझ्याकडे."

"काहीतरीच बोलू नकोस."

"बघशील ना?"

"बघते."

सहा सांजा, सहा गाणी. सातव्या सांजेला दिवा लावला आणि हात आपोआप घंटेकडे गेला. एकदाच वाजली. मी धसकून लोलक मुठीत धरला. आत प्रीतम थांबला नाही, शेवटपर्यंत गायला. मग बराच वेळ खोकत राहिला.

"परत गा रे. मी खाली जाऊन बसते."

"आता नाही होणार गं," म्हणाला. चिडला असता तर बरं झालं असतं.

अकरा दिवसांनी तो गेला. सुतक फिटल्यावर मी दिवा लावायला लागले. घंटेला हात लावलेला नाही.

काल धम्मपाल आणि जान्हवी आले. तो गिटार वाजवतो, ती ड्रम्स. त्यांनी मोबाईलवर सातवं गाणं लावलं. दुसऱ्या कडव्यात टण्ण झालं. मी खाली बघितलं.

"काकी, ही निघत नाही," धम्मपाल म्हणाला. "काढायला गेलं की त्याचा आवाज खरवडला जातो. परवा अल्बम द्यायचाय. एकतर हे गाणं गाळायचं, नाहीतर दुसऱ्या कोणी गायचं."

"कोण, तू?" जान्हवी उसळली. "तू गायलास तर दहिसरची कुत्री भुंकत बोरिवलीला जातील."

"मग तू सांग ना, शहाणे!"

"मी वाजवली ती," मी म्हणाले. "नाही वाजवणार म्हणून कबूल केलं होतं त्याला."

जान्हवी माझ्या गुडघ्याशी येऊन बसली. म्हणाली, "एकदाच वाजते ना काकी, म्हणून चूक वाटते. प्रत्येक कडव्यात त्याच जागी वाजली तर गाण्यातलीच होईल."

"स्टुडिओत आहे की घंटा," धम्मपाल म्हणाला.

"ती शाळा सुटल्यासारखी वाटते. हीच पाहिजे." तिने देव्हाऱ्याकडे बोट केलं.

धम्मपाल चाचरला. "काकी, स्टुडिओ उद्या सहा ते आठच मिळतोय. तुमच्या दिव्याची वेळ. तुम्ही घंटा द्या, आम्ही वाजवू."

"दुसऱ्या हाताने वेगळी वाजेल ती," मी म्हणाले. "वाजवताना तो ऐकू येईल का?"

"हो. हेडफोनमध्ये. पूर्ण गाणं."

"खोकलासुद्धा?"

"तो कापलाय, काकी."

मला तो पाठच आहे.

आज साडेचारला देवीपुढे बसले. दिवा लावला नाही. बंद घरात जळता ठेवून जाता येत नाही. माफी मागायला हात जोडले, पण न मागताच घंटा उचलली. ज्याच्यासाठी नेम धरला होता तो नाही, हे देवीला माझ्याआधी ठाऊक होतं.

वाटेत वाजू नये म्हणून लोलकाभोवती प्रीतमचा रुमाल घट्ट गुंडाळला, घंटा पिशवीत ठेवली, दाराला कुलूप लावलं आणि जिना उतरू लागले.