अळणी जीभ

सासूबाई गेल्या तेव्हा तिला रडूही नीट आलं नाही, इतकी ती दमली होती. सासूबाई कित्येक वर्षं अंथरुणाला खिळून होत्या आणि डॉक्टरांनी त्यांचं मीठ जवळजवळ बंदच केलं होतं. दोन वेगळे स्वयंपाक करायला तिला ना वेळ होता, ना अंगात त्राण. त्यामुळे घरात सगळ्यांचंच जेवण तसलं. नवरा तरीही ताट लख्ख करायचा आणि म्हणायचा, "तुझ्या हाताला चव आहे." दिवसभरात कुणी तिच्याशी बोललेलं तेवढंच एक गोड वाक्य.

त्याच वाक्याच्या जिवावर, चाळिशी उलटून गेल्यावर, तिने शेफ व्हायचं मनात घेतलं. स्वयंपाकाचं शिक्षण देणाऱ्या एका संस्थेत चौकशीला गेली. खिडकीपलीकडच्या बाई म्हणाल्या की प्रवेशाची घाई करू नका, आधी एखाद्या हॉटेलात उमेदवारी करून बघा. निम्मी मुलं पहिल्या महिन्यातच पळून जातात.

नवऱ्याच्या ओळखीने एका हॉटेलच्या किचनमध्ये तिला घेतलं. तिथला शेफ तिच्याहून बराच लहान, रागीट नव्हता, पण शब्द मोजून वापरायचा. बाकीच्यांचं ऐकून तोही तिला मावशी म्हणू लागला. घरी ती इकडेतिकडे बघत भाजी चिरायची. इथे त्याने सुरी धरण्यापासून सुरुवात केली. बोटांची टोकं आत, पात्याची बाजू पेरांना टेकलेली, आणि तुकडे सारखे, नाहीतर एक शिजतो आणि एक कच्चा राहतो. कांदे, गाजरं, बटाटे, पुन्हा कांदे. आपण स्वयंपाक केव्हा करायचा, असं तिने एकदा विचारलं, तर तो म्हणाला, "पी हळद नि हो गोरी, असं इथे नसतं मावशी." संध्याकाळी घरी पोचली की ती चपला न काढताच पलंगाच्या कडेला बसून राहायची.

एक दिवस सूप करणारा आजारी पडला. शेफने बटाट्याचं सूप तिच्यावर सोपवलं. तिने मन लावून केलं, चाखलं, समाधानाने बाहेर पाठवलं. थोड्या वेळाने वाडगे तसेच भरलेले परत येऊ लागले.

शेफने चमचाभर सूप तोंडात घेतलं आणि मीठ घातलंत का, असं न विचारता थोडं मीठ टाकून पातेलं ढवळलं. मग तिला चाखायला दिलं. तिने तोंड वाकडं केलं. तिला ते खारट लागलं. भांडी घासणाऱ्या माणसाला दिलं, तर तो म्हणाला, आता झकास आहे.

घरी कुणासाठी करता, असं शेफने विचारलं. तिने सासूबाईंचं सगळं सांगितलं. त्याने मान डोलावली.

"तुमचा हात चांगला आहे," तो म्हणाला. "पण जीभ आजाऱ्याच्या घरातली आहे. ती बदलेपर्यंत तुमच्या हातचं मला बाहेर पाठवता येणार नाही."

घरी आल्यावर तिने हे नवऱ्याला सांगितलं. त्याने वर्तमानपत्राची घडी केली.

"ऑफिसात माझ्या खणात मिठाची डबी असायची," तो म्हणाला. "डब्यात घालून घ्यायचो."

"मग हाताला चव आहे म्हणायचात ते?"

"तू इतकी दमलेली असायचीस. दुसरं काय म्हणणार होतो?"

तिला भांडायचं होतं, पण तेवढी ताकद नव्हती. ती भिंतीकडे तोंड करून झोपली. ज्या एका वाक्यावर आपण एवढा पसारा मांडला, ते नुसतं दयेपोटी होतं, हे तिला झोप लागेपर्यंत टोचत राहिलं. सकाळी जाऊ नये असं वाटलं. पण न जायचं ठरवायलाही बळ लागतं. म्हणून गेली.

एकाच पातेल्यातलं सूप शेफने लहान वाट्यांत काढलं. एकीत मीठ नाही, दुसरीत चिमूट, पुढच्यांत थोडं थोडं जास्त. चाखा, पाणी प्या, पुन्हा चाखा, आणि मग कांदे घ्या, म्हणाला. हे रोज चाललं. सुरुवातीला दुसऱ्या वाटीपुढे तिला सगळंच समुद्राचं पाणी लागायचं. मग हळूहळू तिसरी वाटी तोंडाला बरी वाटू लागली, आणि पहिली अगदीच मुळमुळीत.

घरच्या जेवणातही ती मीठ वाढवत गेली. नवरा निमूट जेवायचा. एकदा मात्र थबकला.

"आज जरा जास्त झालंय का गं?"

तिने पुन्हा एक घास घेतला, सावकाश चावला.

"नाही," ती म्हणाली. "बरोबर आहे."

जेवण झाल्यावर दोघांची ताटं त्यानेच उचलली, आणि तिने उचलू दिली.

पुढे एका दुपारी शेफने पुन्हा सूप तिच्याकडे दिलं. केल्यावर त्याने एक चमचा चाखला, वाडगे भरायला सांगितलं आणि दुसऱ्या चुलीकडे वळला. वाडगे बाहेर गेले आणि रिकामे होऊन आले. आपल्याला आनंद व्हायला हवा, असं तिला वाटलं. बहुधा झालाही असावा. पण पाय इतके ठणकत होते की ती मागच्या दारापाशी गेली, भाजीचा एक रिकामा क्रेट पालथा घातला, त्यावर बसली आणि बुटांच्या नाड्या सैल केल्या.