गाठीचं माहेर

उन्नतीचं पोट पाच महिने वाढत होतं. मधेमधे रक्त जायचं. सासू राहीबाईनं सुईणीला विचारलं, तर ती म्हणाली, काहींना जातं. ओटीही भरून झाली. मग एका सकाळी उन्नती मोरीत चक्कर येऊन पडली, म्हणून प्रितम बायकोला आणि आईला गाडीत घालून कोन गावाहून भिवंडीत डॉक्टरकडे घेऊन आला.

सोनोग्राफी झाल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बाळ नाही. गर्भाशयात गाठ आहे, फायब्रॉइड. कॅन्सर नाही."

उन्नतीनं पोटावरचा हात काढून घेतला.

"हिनं काय खाल्ला म्हनून झाली?" राहीबाईनं विचारलं.

"खाण्यानं नाही होत. गर्भाशयाच्या स्नायूतली एखादी पेशी बदलते आणि वाढत राहते. बाईच्या शरीरातले हार्मोन तिला पोसतात. ती पेशी मुळात का बदलते, ते अजून नीट कळलेलं नाही."

"मूल होईल मला?" उन्नतीनं विचारलं.

"होऊ शकतं. नुसती गाठ काढता येते, पिशवी ठेवून. पण हिमोग्लोबिन सहा आहे. आधी रक्त चढवू, मग ऑपरेशन. आजच दाखल व्हा."

उन्नतीनं नवऱ्याकडे पाहिलं. प्रितम आईकडे पाहत होता.

"घरान्यात असतं का हे?" राहीबाई.

"आईला किंवा बहिणीला असेल तर शक्यता वाढते. पण त्यात दोष—"

"तुज्या आयशीची पिशवी काढलेली हाय ना गो?"

"हो," उन्नती म्हणाली.

"बघ प्रितम. लग्नात सांगितला का कोनी?"

"दाखल करायचं ना?" डॉक्टरीणबाईंनी प्रितमला विचारलं.

"घरी विचारून सांगतो," तो म्हणाला.

गाडी घराकडच्या कल्याण रोडला न वळता वाडा रोडला लागली. उन्नतीनं दोनदा विचारलं, कुठे चाललो. तिसऱ्यांदा विचारलं नाही. दिघाशीला तिच्या आईच्या दारात गाडी थांबली.

लेक बाळंतपणाला लवकरच आली असं समजून आई लगबगीनं आत गेली आणि भाकरीचा तुकडा नि पाण्याचा तांब्या घेऊन आली. उन्नती दाराची चौकट धरून उभी होती. आई तिच्यावरून तुकडा ओवाळू लागली.

राहीबाई गाडीतून उतरली नव्हती. काच खाली करून ती म्हणाली, "ओवाला विहीनबाई, नीट ओवाला. तुमचाच हाय पोटात. तुमीच काढून घ्या."

प्रितमनं गाडी वळवली.