चोविसावी ओळ

खप उतरला की त्या सांजदैनिकाला हिरव्या स्वेटरवालीची आठवण यायची. पन्नास वर्षं तिनं इमानेइतबारे हे दैनिक जगवलं, आणि दैनिकानंही तिला कधी वाऱ्यावर सोडलं नाही. दर दोन-तीन वर्षांनी नव्यानं खुनी ठरवलं.

प्रकरण सोपं होतं. कंगव्यांच्या कारखान्याला सकाळी आग लागली. सेल्युलॉइडचा माल, पाव तासात सगळा खेळ आटोपला. फाटकाजवळच्या फळीवरून त्या दिवशी एक्केचाळीस बिल्ले उचलले गेले होते, म्हणजे आत एक्केचाळीस बायका होत्या. सतरा जणी बाहेर आल्या. मेलेल्यांची यादी दुसऱ्या दिवशीच्या अंकात छापून आली, तेवीस नावांची. उरली एक. ज्या अर्थी ती मेलेल्यांत नाही त्या अर्थी पळाली, आणि ज्या अर्थी पळाली त्या अर्थी आग तिनंच लावली. चौकशी समितीला एवढं तर्कशास्त्र पुरलं. मागच्या दाराला बाहेरून कुलूप होतं, कारण बायका कंगवे पळवतील अशी मालकाला धास्ती होती. ही किरकोळ बाब अहवालाच्या परिशिष्टात होती. पळणारी बाई पाहिली ती म्हाताऱ्या पहारेकऱ्यानं. त्याला दहा पावलांवरचा माणूस ओळखू येत नसे, पण स्वेटरचा रंग मात्र बरोबर दिसला.

ही सगळी कागदपत्रं तळमजल्यावरच्या खोलीत असत आणि ती सांभाळणारीला अख्खं कार्यालय कात्रणबाई म्हणे. एकतीस वर्षं ती कात्री, डिंक आणि धूळ यांच्या सहवासात होती. वर पत्रकार बातम्या लिहीत. त्यांतल्या खोट्या कोणत्या, हे खाली तिला ठाऊक असे. कुणी विचारलं असतं तर तिनं सांगितलंही असतं.

आगीच्या पन्नासाव्या स्मृतिदिनी सकाळी साडेनऊला थोरली आली. थोरली म्हणजे स्वेटरवालीची मोठी बहीण. वय चौऱ्याहत्तर, हातात कापडी पिशवी, जिभेला धार. दर वर्षी याच दिवशी ती यायची, तोच अंक मागायची आणि यादीवरून बोट फिरवायची. आत वेगळं काही सापडेल अशी आशा तिला नव्हती. फक्त आपण विसरलेलो नाही, हे दैनिकाला कळावं एवढाच हेतू.

"ये मावशी. आज गर्दी आहे हं," कात्रणबाई म्हणाली.

खिडकीशी छायाचित्रकार त्याच वर्षाच्या जाडजूड बांधलेल्या खंडाशी झटापट करत होता. पहिल्या पानासाठी त्याला जुन्या यादीचा फोटो हवा होता. शेजारी 'ती कुठे गेली?' ही आठ पानी विशेष पुरवणी पडली होती. ती कालच छापून झाली होती.

थोरलीनं पुरवणीवरचं चित्र डोळ्यांजवळ धरलं. "ही कोण नटी?"

"चित्रकारानं कल्पनेनं काढलंय," छायाचित्रकार म्हणाला.

"कल्पना बरी आहे त्याची. अहो, त्या दिवशी घामाच्या धारा लागल्या होत्या. स्वेटर कोण घालेल? पळायचं होतं म्हणून थंडी वाजली होय तिला?"

"आजी, तसं छापलंय."

"छापलंय!" थोरली कात्रणबाईकडे वळली. "रुग्णालयात मी तिला ओळखलं, कानातल्या रिंगेवरून. तुमचा वार्ताहर तिथंच उभा होता. मी नाव सांगितलं, त्यानं लिहून घेतलं, आडनाव दोनदा विचारलं. रुग्णालयाची चिठ्ठी समितीनं जमा करून घेतली, ती गेली ती गेलीच. आणि वर मलाच म्हणाले, बहिणीला लपवतेस. आई जाईपर्यंत शेजारीण विचारायची, धाकटीचं काही पत्रबित्र येतं का हो? मला दुसरं काही नको. मरायच्या आधी तिला मेलेल्यांत बघायचंय, बस्स."

एकतीस वर्षांत कात्रणबाईनं या म्हणण्यावर काही केलं नव्हतं, हे तिला तेवढ्यात आठवलं आणि आवडलं नाही.

नेमका तेव्हाच छायाचित्रकारानं खंड सपाट करायला त्यावर कोपर टेकलं. कट्कन आवाज झाला आणि मागचा पुठ्ठा उसवला.

"वा! पन्नास वर्षं कुणी मोडला नव्हता, तेही काम झालं," कात्रणबाई म्हणाली.

पण पुठ्ठ्याच्या आतून कागद डोकावत होते. त्या काळचा बाइंडर चिक्कू म्हणून प्रसिद्ध होता. पुठ्ठ्याला जाडी यावी म्हणून तो कोरा कागद कधी वापरत नसे. छापखान्यातली रद्दी प्रुफं एकावर एक चिकटवायचा. कात्रणबाईनं ओल्या बोळ्यानं डिंक सैल केला आणि सुरीच्या पात्यानं एकेक थर सोडवला. तिसरा थर यादीचं प्रूफ होता.

त्यात चोवीस नावं होती.

चोविसाव्या ओळीवर लाल पेन्सिलीची आडवी रेघ आणि समासात शेरा: 'कारखान्याची जाहिरात आली आहे. एक ओळ जास्त होते. खालून काढा.' यादी मृतदेह सापडले त्या क्रमानं होती. धाकटी कुलूपबंद दारापाशी सर्वांत शेवटी सापडली, म्हणून सर्वांत खाली. शेरा लिहिणारा माणूस काटेकोर असावा. यादीत तेवीसच उरल्यावर मथळ्यातला 'चोवीस' आकडा तसा ठेवणं त्याला पटलं नव्हतं. तोही त्यानं तेवीस केला होता.

छापील अंकात यादीखाली ती जाहिरात होतीच. 'आगीमुळे ग्राहकांनी काळजी करू नये. गोदामात कंगवे मुबलक आहेत.'

थोरलीनं चोविसाव्या ओळीवर बोट ठेवलं. ते आडनावापर्यंत सरकवत नेलं. मग म्हणाली, "आडनाव बरोबर लिहिलं होतं हो मेल्यानं."

कात्रणबाई प्रूफ घेऊन वर गेली. संपादकांनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. शेऱ्याचं अक्षर ओळखायला त्यांना चष्म्याची गरज नव्हती. याच अक्षरात दैनिकाचं नाव रोज पहिल्या पानावर छापलं जात होतं. मोठे साहेब, दैनिकाचे संस्थापक, संपादकांचे वडील, मागच्या भिंतीवरच्या तैलचित्रातून दोघांकडे करारी मुद्रेनं पाहत होते.

"पण पुरवणी छापून झाली हो, बाई."

"माहीत आहे, साहेब."

"ती काही आता रद्दीत घालता येत नाही."

"एका म्हातारीला पन्नास वर्षं घालता आली. ती खाली बसलीय. इथून उठली तर समोरच्या सकाळच्या दैनिकाकडे जाईल. मीच तिला रिक्षात बसवून देईन."

संपादकांना सत्याचा साक्षात्कार झाला. "दुरुस्ती देऊ. पाचवं पान, पंधरा ओळी." आणि त्यांनी उभ्या उभ्या मजकूर सांगितला. आधी दैनिकाची सत्यनिष्ठ परंपरा, मग मोठ्या साहेबांची निर्भीड लेखणी, मग त्या काळातल्या तांत्रिक अडचणी, आणि अगदी शेवटी, दहाव्या ओळीपासून, नाव आणि आरोप खोटा असल्याची कबुली.

कात्रणबाईनं सगळं उतरवून घेतलं. जिन्यावर ती थांबली. मघाशी प्रुफावर पाहिलेली रेघ तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती. या घरात शिशाचे टाइप गेले, संगणक आले, तीन मजले चढले. एक रिवाज तेवढा शाबूत होता. जागा कमी पडली की खालून कापायचं, आणि कापताना वाचायचं नाही.

खोलीत जाऊन तिनं मजकूर स्वतः टाइप केला. एकही शब्द बदलला नाही. फक्त शेवट वर नेला आणि सुरुवात खाली.

साडेअकराला पान लावणाऱ्याचा फोन आला. "कात्रणबाई, गाद्यांची जाहिरात आलीय पाचव्या पानावर. तुमच्या मजकुरातल्या नऊ ओळी जातायत. साहेबांना विचारू का?"

"कधी विचारता का?"

"छे."

"मग आजच काय अडलंय? कापा खालून."

दीड वाजता अंक आला. पहिल्या पानावर प्रश्न होता, ती कुठे गेली? पाचव्या पानावर, गाद्यांच्या डोक्यावर, सहा ओळींत उत्तर. पहिल्या ओळीत धाकटीचं नाव आडनावासकट, वय एकोणीस, बिल्ला क्रमांक अडतीस. आगीत मृत्युमुखी. आग तिनं लावल्याचा आरोप निराधार. सहावी ओळ संपली आणि खाली लगेच गादी. मोठे साहेब पंधरा ओळींत कुठे होते ते आता फक्त संगणकाला माहीत.

थोरलीनं ते सहा वेळा वाचलं. "एवढंसंच?"

"एवढंच, मावशी. पण छापलंय."

"हं. म्हणजे आता खरं झालं म्हणायचं." तिनं डोळे पदरानं नाही, पुरवणीच्या कोपऱ्यानं टिपले, हिरव्या स्वेटरची शाई थोडी फिसकटली. "दे गं ती कात्री. मी कापते."

चारही कडा सरळ आल्या. कात्रणबाईनं मागे डिंक लावला. खंडातल्या छापील यादीत तेविसाव्या नावाखाली जागा नव्हती, कंगवे होते. दोघींनी मिळून कात्रण त्यांच्यावरच चिकटवलं आणि तळव्यानं दाबून धरलं. जाहिरात थोडी लांब होती. कात्रणाच्या उजवीकडून 'मुबलक आहेत' एवढं बाहेर उरलं.

"राहू दे. कुणी विचारलं तर सांगशील, काय मुबलक होतं ते," थोरली म्हणाली, आणि तिनं पिशवी उचलली.