पालथा पेला उचलू नये

बोलतोय मीच, पण माझं तोंड खाली बशीत आहे, तेव्हा जरा वाकून ऐका. मी काचेचा एक जाड बुडाचा पेला. मुलाबो बंदरापासून किनाऱ्याकिनाऱ्यानं खाली आलं की आमचं गाव लागतं. तिथे कॉफीचा पेला गिऱ्हाइकासमोर पालथाच ठेवतात. भरड पूड, साखर, वर उकळतं पाणी, मग तोंडावर बशी दाबायची आणि एका झटक्यात उलटं करायचं. पिणारा माझ्या काठाशी नळी लावून हळूच फुंकतो, की घोटभर कॉफी बशीत झिरपते. तेवढी प्यायची आणि पुन्हा फुंकायचं. चोथा आतच राहतो आणि माशीला वाट मिळत नाही. नवखा माणूस जोरात फुंकतो आणि सदरा खराब करून घेतो.

ही रीत कोळ्यांची. अर्धी कॉफी होते न होते तोच किनाऱ्यावरून हाक येते, चला, जाळं ओढायला. माणूस पेला तसाच टाकून पळतो, दोन-चार तासांनी येतो, तोवर त्याची कॉफी जागच्या जागी असते. म्हणून आमच्याकडे नियम एकच, पालथा पेला उचलायचा नाही. ज्याची संपली तो स्वतः पेला उताणा करून ठेवतो. पालथा आहे म्हणजे माणूस परत येणार आहे.

माझा जन्म कुठल्या कारखान्यातला ते विचारू नका. आम्ही डझनावारी जन्मतो, त्यात सांगण्यासारखं काय असणार? भट्टी आठवते, पेंढ्यात गुंडाळून खोक्यात घातलेलं आठवतं. बारातले दोघे वाटेतच फुटले. उरलेल्या दहांना साल्बियानं घेतलं, तेव्हा तिच्या लग्नाला महिना झाला होता. सुरूच्या झाडाखाली पत्र्याचं दुकान, चार बाकं आणि मागे घर. नवरा मुख्तार बोटीवर जायचा, साल्बिया दुकान बघायची.

पहिल्याच वर्षी माझ्या काठाचा एक टवका उडाला. दुसरा कोणी असता तर मी उकिरड्यावर गेलो असतो. पण मुख्तारला त्या टवक्यात नळी बरोबर बसते असं आढळलं, आणि मी त्याचाच होऊन बसलो. पहाटे बोटीवर जाण्याआधी आणि दुपारी आल्यावर, रोज दोनदा. उकळतं पाणी अंगावर पडून पडून मला चटका कळेनासा झाला, आणि ते बरंच झालं.

साल्बियाची जीभ म्हणजे मिरची. "बायकोचं दुकान म्हणून फुकट ढोसायची सवय लागलीय," असं ती म्हणायची.

"फुकट कुठे? तुझं बोलणं ऐकतो ना!" मुख्तार म्हणायचा, आणि बाकांवरची सगळी मंडळी नळ्या सोडून हसायची.

त्यात सर्वांत मोठं हसणं वाहाबकाकांचं. हे म्हातारे तांडेल. गुडघे गेले तेव्हापासून बोट सुटली, पण एका कॉफीवर सकाळची दुपार करायची विद्या त्यांनी हस्तगत केली होती. कोणी परका माणूस पालथ्या पेल्याला हात लावू लागला की ते बसल्या जागेवरून गरजायचे, "ए बाबा, राहू दे! त्याला समुद्रावरून परत यायचंय की नाही?" वर्षानुवर्षं तीच थट्टा, पण लोक हसायचे.

आणि मुख्तारचा धाकटा भाऊ रझाली. तो बर्फाच्या कारखान्यात. बोटींसाठी लाद्या फोडून फोडून त्याची बोटं पांढरीफटक पडलेली. मितभाषी, पाच वेळची नमाज न चुकवणारा. "वहिनी, एक," म्हणायचा, प्यायचा, "येतो," म्हणायचा. रोजचं बोलणं एवढंच.

आता त्या दिवसाचं सांगतो.

रोज्यांचा महिना लागतो त्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे घरोघरी मांस शिजतं. बाप्यानं सकाळीच बाजारातून मांस आणायचं आणि बाईनं चूल पेटवायची. ज्या घरातून त्या दिवशी वास येत नाही, त्या घराची पुढे आठवडाभर चर्चा होते. आणि नेमका त्याच सकाळी मुख्तार निघाला.

"काल टाकलेलं जाळं तेवढं ओढून आणतो. येताना मांस घेऊनच येतो."

"दुपारी काय, हाडं उरणार आहेत बाजारात! जा, जा. त्या समुद्राशीच संसार मांडा तुमचा."

ती आत जाऊन भांडी आपटू लागली. दुकानात चिटपाखरू नव्हतं. वाहाबकाका बाजारात होते आणि रझाली कारखान्यात. मुख्तार एकटाच नळी फुंकत, गालातल्या गालात हसत बसला होता. त्यानं कॉफी पार संपवली. शेवटी नळी गुरगुरली, माझ्या आत फक्त चोथा चिकटून राहिला. तेवढ्यात किनाऱ्यावरून हाक आली. तो उठला आणि पळाला. मला उताणा करायचं घाईत विसरला, इतकंच.

साल्बिया बाहेर आली ती अजून फणफणतच होती. बाकांवरचं होतं नव्हतं ते तिनं गोळा केलं आणि पाण्याच्या टबात घातलं. त्यात मीही गेलो, बशीसकट. आणि मग तिचा हात पाण्यातच थांबला. मी पालथा होतो हे तिला तेव्हा आठवलं. माझ्या आत कॉफी होती की नव्हती, ते तिनं बघितलंच नव्हतं. पाणी तपकिरी झालं होतं, पण टबात दुसरेही पेले होते. "जाऊ दे, आल्यावर दुसरी करून देईन," असं पुटपुटून तिनं मला पुसून ठेवलं.

दुपारी वारा फिरला. बोटीवरचे दोघे पोहत एका खडकाला लागले आणि वाचले. मुख्तार आला नाही. आमच्या दर्यावर एक माणूस हरवला की सगळ्या बोटी शोधायला निघतात, तशा त्या निघाल्या. रोजे चालू झालेले, पाण्याचा थेंब न घेता माणसं तीन दिवस समुद्र धुंडाळत होती. जाळ्याचा एक तरंगा तेवढा सापडला. चौथ्या दिवशी मशिदीत, प्रेताशिवायच, नमाज पढली गेली.

साल्बिया रडली नाही. बायका म्हणाल्या, धक्का बसलाय, रडेल हळूहळू. पण ती रडलीच नाही. तिनं दुकान उघडलं आणि मला मात्र फळीवर, दुधाच्या डब्यांमागे ठेवून दिलं. संध्याकाळी गिऱ्हाइकं पांगली की ती मला खाली काढायची, पुसायची, उजेडात धरायची. "अर्धी होती का रे?" म्हणून विचारायची. "सांग ना. अर्धी होती का? ते येणार होते आणि मीच नका येऊ म्हटलं."

नव्हती गं बाई. थेंबभरसुद्धा नव्हती. पण मी पडलो पेला. तोंड आहे, ते प्यायच्या उपयोगाचं. मला पुसताना तिची बोटं काठावरून फिरायची, तेव्हा मला वाटायचं की आता तरी तडकावं. तेही जमलं नाही.

दिवस जात राहिले. रोज्यांत दुकान सूर्य मावळल्यावर उघडायचं, म्हणून तसं उघडत राहिलं. ईद आली, माणसं नवे कपडे घालून हात मिळवून गेली. मग ड्युरियन फळांचा बहर आला, दुकानामागे काटेरी सालींचा ढीग पडला, वासानं दुकान भरून गेलं. मग पश्चिमेचा वारा आणि किनाऱ्यावर ओढलेल्या बोटी. मग पाऊस. गिऱ्हाइकं तीच, बाकं तीच. साल्बिया फक्त एकच गोष्ट विचारायची, "साखर किती?" कोणी उत्तर दिलं नाही तर दोन चमचे घालायची.

तिच्या शिव्या बंद झाल्या आणि लोकांना चुकल्याचुकल्यासारखं होऊ लागलं. वाहाबकाका तर मुद्दाम चिखलाचे पाय बाकावर घेऊन बसले एकदा, की आता तरी ही भडकेल. तिनं त्यांच्या पायांभोवतीनं फडकं फिरवलं आणि पुढे गेली. काकांनी पाय आपणहून खाली घेतले. परक्या माणसावर गरजणं त्यांनी कधीच सोडलं होतं.

रझाली रोज यायचा. "वहिनी, एक." "येतो." भावाच्या जागेवर बसायचा आणि बर्फानं बधिर झालेले हात पेल्याभोवती धरायचा. दुःख त्यालाही होतं, पण ते काढून दाखवायला त्याच्याकडे शब्द नव्हते. दोघं समोरासमोर असायची आणि वर्षभर एकमेकांशी त्याबद्दल बोलली नाहीत.

मग पुन्हा रोजे आठवड्यावर आले. एका दुपारी असा पाऊस कोसळला की सगळा कोळीवाडा दुकानात येऊन बसला. पेले कमी पडले. साल्बियाचे दोन हात पुरेनात, म्हणून रझाली मदतीला उठला आणि त्यानं फळीवर, डब्यांमागे हात घातला.

"त्याला हात लावू नका!"

एवढ्या मोठ्यानं ती वर्षभरात बोलली नव्हती. नळ्या तोंडातच राहिल्या. मला धरलेला रझालीचा हात हवेतच थांबला. वाहाबकाका काठी टेकत उठले. "चला रे, पाऊस थांबला," ते म्हणाले. पाऊस मुळीच थांबला नव्हता. पण सगळे मुकाट्यानं उठले आणि भिजत गेले.

"काय झालं, वहिनी?"

"तो त्यांचा पेला आहे."

"ठाऊक आहे मला."

"तुम्हाला काही ठाऊक नाही, भावजी." ती चुलीकडे बघत बोलली. "त्या दिवशी हा पालथा होता. मी रागात होते. उचलला आणि धुतला. त्यांनी परत येतो म्हणून ठेवला होता, आणि मी उचलला."

रझालीनं हात खाली घेतला. मग म्हणाला, "वारा फिरला, वहिनी. पेला उचलल्यानं बोट बुडते का कधी?"

"नाही बुडत. कळतं मला. कळून काय करू? रोज उठते तेव्हा हाताला हाच ओला पेला लागतो."

समजावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी होतं, आणि ते रझालीलाही उमगलं. त्यानं मला बाकावर ठेवलं. माझ्याकडे पाहिलं.

"पण तो रिकामा होता," तो म्हणाला.

"काय?"

"मी आलो होतो. बोटीत बर्फ टाकला आणि इकडे डोकावलो. दादा शेवटचं फुंकत होता. नळी गुरगुरली, तर मला म्हणतो, बघ, तुझ्या वहिनीची कॉफी संपली, पण बोलणं संपलं नाही."

हे अगदी मुख्तारचं बोलणं होतं. मी क्षणभर चक्रावलो, की हा खरंच आला होता की काय! नव्हता आला. मी तिथेच होतो. त्या सकाळी त्या उंबऱ्याला रझालीची सावलीसुद्धा लागली नव्हती.

"तुम्ही आला असता तर मला दिसला असता."

"तुम्ही आत होतात. भांडी आपटत होतात."

साल्बिया त्याच्याकडे वळली. "शपथ घ्या. पेला रिकामा होता अशी शपथ घ्या."

रझाली म्हणजे साधी थाप मारायलाही कचरणारा माणूस. "अल्लाची शपथ," तो म्हणाला. "पेला रिकामा होता."

ती खाली बसली. "मग उताणा का नाही केला?"

"घाई होती ना. मांस आणायचं होतं."

"वेंधळे होते अगदी," ती म्हणाली, आणि मग तिला रडू फुटलं. गुडघ्यात डोकं घालून, हंबरडा फोडून ती रडली. पावसाच्या आवाजात ते कोणाला ऐकू गेलं नसेल, गेलं असलं तर कोणी आलं नाही. रझाली दाराकडे तोंड करून उभा राहिला. बऱ्याच वेळानं ती उठली, तोंड धुतलं, मला धुतलं, पूड घातली, साखर घातली आणि उकळतं पाणी ओतलं. वर्षानं. मला चटका बसला, आणि तो कळला.

"घ्या," ती रझालीला म्हणाली.

त्यानं नळी लावली. पण फुंकर नीट येईना. कशीबशी संपवली, मला उताणा केला आणि गेला.

रोज्यांच्या आदल्या दिवशी साल्बियानं स्वतः बाजारात जाऊन मांस आणलं, आणि दुकानात येईल त्याला भात वाढला. वाहाबकाकांनी दोनदा घेतला. "काका, पाय खाली! घर आहे की बोट?" असं ती ओरडली तेव्हा म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्यांनी उगाच पुन्हा पाय वर घेतले.

ईद झाली. सगळ्यांचे रोजे संपले, रझालीचे संपले नाहीत. तो रोज येतो, जागेवर बसतो. "रोजा आहे, वहिनी," म्हणतो. काका चिडवतात, "स्वर्गात जागा धरतोयस काय रे? आमच्यासाठीही एखादं बाक टाकून ठेव." तो हसत नाही. एकदा साल्बिया आत गेली होती, तेव्हा तो वाकून माझ्याजवळ आला आणि अगदी हळू म्हणाला, "खोटी शपथ घेतली रे. तुझ्यासमोर घेतली. त्याचंच प्रायश्चित्त हे रोजे." पूर्वी ती विचारायची, आता हा सांगतो. आणि दोघांच्याही बाबतीत मी तसाच ठोंब्या.

आता माझ्या टवक्यापासून एक चीर निघाली आहे, बुडापर्यंत उतरली आहे. उकळतं पाणी आणखी किती दिवस झेपेल ते सांगवत नाही. फुटण्याचं मला फारसं काही वाटत नाही, पेले फुटतातच. पण मी फुटलो की त्या सकाळचा एकुलता एक साक्षीदार जाईल.

म्हणून तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. कधी इकडे आलात, तर सुरूखालच्या दुकानात पांढऱ्या बोटांचा एक माणूस समोर काही न घेता बसलेला दिसेल. त्याच्या शेजारी बसा. साल्बिया आत जाईपर्यंत थांबा. मग त्याला सांगा, शपथ खरी होती बाबा, पेला खरोखर रिकामा होता. तो विचारेल, तुम्हाला काय ठाऊक? तेव्हा मी होतो तिथे म्हणून सांगा. खुशाल खोटं बोला.