एका नळाची राज्यघटना

निकाल ऐकल्यावर कोंडीबा मुकादमाने आधी मागे वळून पाहिले. कोंडीबा नावाचा दुसरा कुणी इसम मागे उभा असावा अशी त्याची प्रामाणिक समजूत झाली होती. मागे भिंत होती.

"खोली नंबर एक," चाळीचा न्यायाधीश खाजाभाई पुन्हा म्हणाला, "तीन दिवस नळ बंद. फैसला झाला."

खोली नंबर एक कोंडीबाची. नळाच्या पेटीला जे कुलूप होते, त्याची किल्ली कोंडीबाच्या करगोट्याला. म्हणजे कोंडीबाने कोंडीबाचे पाणी तोडायचे होते, आणि तेही आज. आज दहाच्या मोटारीने वैरागहून जोतीरामअण्णा आपल्या मुलासाठी मथुरेला बघायला येणार होते. मथुरा कोंडीबाची एकुलती एक लेक. तीन वर्षांत दारात आलेलं हे पहिलं धडाचं स्थळ. आणि घरात पाण्याचा टिपूस नव्हता, कारण कालचं सगळं पाणी सारवण्यात आणि घोंगड्या धुण्यात गेलं होतं. खटला नेमका त्याच पाण्याचा होता.

हे सगळे एवढ्या थराला आले ते सदतीस सालामुळे. तोवर चिंचेच्या चाळीचा कारभार फार सुटसुटीत होता. खोल्या बेचाळीस, नळ एक, पाणी सकाळी दीड तास. कोंडीबा गिरणीत मुकादम. माणसाला कामावर घेणे न घेणे त्याच्या हातात, त्यामुळे नळही आपोआपच त्याच्या हातात आला. नियम तो करी, मोडणाऱ्याला तो पकडी आणि शिक्षाही तोच देई. या व्यवस्थेला तो 'सोय' म्हणत असे. नियम असा : घरटी पाळीला दोन घागरी. रांग मोडली तर त्या घराचे पाणी तीन दिवस बंद. आणि बंद घराला ज्याने तांब्याभर जरी पाणी दिले, त्याचेही बंद.

गेल्या साली हा नियम सारजाबाईला लागला. सारजाबाई विधवा, तिची खानावळ; बावीस कामगार जेवायला. दुसऱ्या दिवशी हात धुवायला पाणी नाही म्हटल्यावर नऊ जण उठून गेले ते परत आले नाहीत. कोंडीबाला याचे वाईट वाटले होते. पण नियम म्हणजे नियम, असे तो म्हणाला, आणि बजाबाईने, म्हणजे त्याच्या बायकोने, त्या दिवशीही रांग सोडून सहा घागरी भरल्या. अकरा वर्षे ती तशाच भरत होती. ती रांग मोडते असे कधी कुणाच्या मनातही आले नव्हते. रांग तिच्या मागून सुरू होते असेच सगळे धरून चालले होते.

मग निवडणुका झाल्या, मुंबईत लोकांचे प्रधान आले आणि रात्रीच्या शाळेचे शिवपुत्र मास्तर फळ्यावर तीन चौकोन काढू लागले. "कायदा करणारे वेगळे, तो चालवणारे वेगळे आणि न्याय देणारे वेगळे. शहाणे देश असेच करतात. तीस सालचा मार्शल लॉ आठवतो ना? हुकूम काढणारे तेच, धरणारे तेच, शिक्षा देणारे तेच. कसं वाटलं होतं?"

कसे वाटले होते ते सोलापुरात कुणाला विचारायचे कारण नव्हते. चाळीने घटना करायचे ठरवले.

कोंडीबाने विरोध केला असता. पण मास्तर म्हणाले, कारभार चालवणारा तो मुख्य प्रधान, आणि किल्ली त्याच्याकडेच राहील. कोंडीबाने रात्रभर विचार केला. कायदा काय, कागदावर. न्याय काय, तोंडात. किल्ली कमरेला! तो सकाळी हसतच आला. "मी किल्ली घेतो. बाकीचं तुमी वाटून घ्या. नियम मातर माजेच ठेवा."

नियम त्याचेच ठेवले. नियम करायला पाच जण निवडले, त्यांची प्रमुख सारजाबाई झाली. न्यायाधीश मात्र मिळेना. मास्तरांचे म्हणणे, ज्याला या नळाचं पाणी लागत नाही असाच माणूस हवा. असा माणूस साऱ्या आळीत एकच : पलीकडचा खाजाभाई. तो बैलगाडीवर पिंप ठेवून विहिरीचे पाणी विकायचा. ज्याचा नळ बंद, तो खाजाभाईचे गिऱ्हाईक. चाळ पोट धरून हसली. पण कोंडीबानेच त्याचे नाव उचलून धरले, कारण खाजाभाईचा गाडा चाळीच्या अंगणात उभा राहायचा तो कोंडीबाच्या मेहेरबानीने.

आणि पहिल्याच खटल्यात, कोपऱ्यातल्या अक्कम्माच्या तक्रारीवरून, खाजाभाईने बजाबाईला एकच प्रश्न विचारला. "भाभी, काल किती घागरी भरल्या?"

"सा," बजाबाई म्हणाली. "रोज सा भरतो की आमी."

त्या 'रोज'ने खटला संपला.

आता पाण्याची वेळ झाली होती. कोंडीबा पेटीपाशी गेला. एक्केचाळीस घरांची माणसे घागरी घेऊन उभी होती. कुणी खाकरले नाही, कुणी टोमणा मारला नाही. इतकी शांतता त्याने चाळीत कधी ऐकली नव्हती. तिचाच त्याला धक्का बसला.

"मास्तर, मी माज्या दोन घागरी भरल्या तर मला कोन धरणार?"

मास्तरांनी कागद चाळला. त्यांचा चेहरा उतरला. "कुणीच नाही. धरणारे तुम्हीच. ते कलम राहूनच गेलं."

"म्हंजे भरू शकतो मी?"

"भरू शकता."

कोंडीबाने कुलूप काढले. पहिली घागर अक्कम्माची लावली. मग दुसरी, मग तिसरी. एक्केचाळीस घरांचे पाणी भरून देऊन त्याने पेटी बंद केली. स्वतःची घागर त्याने का लावली नाही, हे त्याला पुढे कधीच सांगता आले नाही. सगळ्यात जास्त चकित तोच झाला होता.

बजाबाई दारातच होती. "याड लागलंय व्हय तुमाला? पावनं काय कोरड्या पायानं घरात घ्यायचं?"

"खाजाभाईचं घेतो की इकत. पिंपभर घेतो!"

खाजाभाई गाड्यावर बसला होता. त्याने मान हलवली. "तुमाला नाही देणार, मुकादम."

"पैसं देतो रं!"

"तेच तर. मी फैसला द्यायचा, अन् त्याच फैसल्यावर मीच कमवायचं? उद्या लोक म्हणतील, खाजाने गिऱ्हाईक लागावं म्हणून नळ बंद केला. अल्लाला काय सांगू?"

"मग फुकट दे."

"फुकट दिलं तर देणाऱ्याचं बी बंद. मला नळ नाही, पण फैसला देणाऱ्यानंच नियम कसा मोडायचा? तुमचाच नियम हाय की."

अंगणात उभा असलेला हा पाण्याचा गाडा उद्यापासून हाकलता येईल का, असा विचार कोंडीबाच्या मनात आला. मग त्याच्या लक्षात आले की त्यासाठीही आता कायदा लागेल.

दहाच्या मोटारीने जोतीरामअण्णा आले. पाय गुडघ्यापर्यंत धुळीने माखलेले. दारात उभे राहून त्यांनी पायांवर पाणी येण्याची वाट पाहिली. पाणी आले नाही. घोंगडीवर बसून गूळ-पाण्याची वाट पाहिली. गूळ आला. अण्णांनी तो खाल्ला आणि तांब्याच्या आशेने आत बघत राहिले.

कोंडीबा मागच्या दाराने पळतच सारजाबाईकडे गेला. "सारजाबाई, पाया पडतो. कायदा बदला. माज्या घरापुरता, आजच्यापुरता."

सारजाबाई भाकरी थापत होती. "अगं बया, मुख्य परधान! बसा की. माज्या खानावळीत आता जागा लई हाय, नऊ मानसं कमी झाली न्हवं."

कोंडीबाने मान खाली घातली. तिने पीठ झटकले आणि नियम करणाऱ्या बाकीच्या चौघांना हाक मारली. पाचही जण चुलीपाशीच बसले. मास्तर धावत आले.

"मास्तर, एका घरापुरता कायदा करता येतो का वं?" सारजाबाईने विचारले.

"येत नाही. केला तर सर्वांना."

"मग ल्ह्या. बंद घराला पानी देनाऱ्याला शिक्षा न्हाय. कुणालाच, कवाच." पाच हात वर झाले.

"अन् माजा नळ?" कोंडीबाने विचारले.

"त्यो फैसला हाय. आमच्या हातात न्हाय," सारजाबाई म्हणाली. "तीन दिस बंदच ऱ्हाईल." आणि कोपऱ्यातली आपली भरलेली घागर उचलून ती चालू लागली. तिच्यामागे अक्कम्मा. अंगणात येईपर्यंत चार-पाच घागरी झाल्या होत्या. कुणालाही कोंडीबाने सांगितले नव्हते. आपण न सांगता चाळीत काही होते, हे तो जन्मात पहिल्यांदा पाहत होता.

जोतीरामअण्णांनी पाय धुतले, पाणी पिऊन मिशा पुसल्या आणि सगळा प्रकार खोदून खोदून विचारून घेतला. कोंडीबाने सगळे सांगितले. लपवायला जागा नव्हती. दारात सारी चाळ उभी होती.

"आमाला सांगितलं हुतं," अण्णा हळूच म्हणाले, "हितं तुमच्या शबुदाशिवाय पान हलत न्हाय म्हनून."

"हुतं तसं. आता न्हाय," कोंडीबा म्हणाला. स्थळ गेले, हे त्याला कळले. बजाबाईने आत पदर डोळ्याला लावला.

"आमच्या थोरल्या सुनेचा बाप तसाच हाय," अण्णा पुढे म्हणाले. "गावात त्याचाच हुकूम चालतो. सणाला आला की आमच्या घरात बसून आमालाच हुकूम सोडतो. बैल कुटं बांधायचा ते बी त्योच सांगतो. दुसरा व्याही तसला नगं, असं आमच्या हिनं मला निघताना बजावून सांगितलंय." त्यांनी सुपारीचा तुकडा तोंडात टाकला. "तुमचं हितं कायबी चालत न्हाय, हे बरं झालं. पोरीला बोलवा की."

हा कोंडीबाचा मान होता की अपमान, हे ठरवणारं खातं कुणाकडे आहे, ते मास्तरांनी फळ्यावर कुठेच लिहिलं नव्हतं.

"अगं ए," शेवटी तो आत वळून म्हणाला, "मथुरेला इचार की, यील का ती हितं?"

उभ्या संसारात बजाबाईने त्याच्या तोंडून हुकुमाऐवजी प्रश्न असा हा पहिलाच ऐकला. तिच्या हातातला तांब्या धाडदिशी खाली पडला.